शिवणकाम परदेशी हलवताना: मजुरीच्या आकड्यापलीकडचं गणित

शर्ट बनवणाऱ्या एखाद्या कंपनीने शिलाई बांगलादेश, व्हिएतनाम किंवा इथिओपियाला न्यायचं मनावर घेतलं, की बैठकीत सर्वांत आधी फिरतो तो पगाराच्या तुलनेचा कागद. बांगलादेशात तयार कपड्यांच्या उद्योगातलं किमान वेतन डिसेंबर 2023 पासून महिना 12,500 टाका (तिथलं चलन) आहे. इथिओपियाच्या हवासा औद्योगिक पार्कमध्ये 2019 च्या सुमारास मूळ पगार महिन्याला 26 डॉलरच्या आसपास होता. हे आकडे बघून तोंडाला पाणी सुटतं. पण अशा स्थलांतरात नफा होतो की तोटा, हे बहुतेक वेळा शुल्क, दिवस आणि कापडाचा उगम ठरवतात. मजुरी चौथ्या नंबरावर येते. खाली आधी मजुरीचा हिशोब संपवून मग बाकीचं बघायचं आहे, आणि उदाहरण एकच धरलंय: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट.

मजुरी मिनिटावर मोजा

असा शर्ट शिवायला साधारण 20 ते 25 प्रमाणित मिनिटं (तरबेज कारागिराला नेहमीच्या वेगाने लागणारा वेळ) लागतात. साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टला 6 ते 8. आपण 22 मिनिटं धरू. महिन्याचे 26 दिवस, रोज 8 तास, म्हणजे एका कारागिराची 12,480 मिनिटं आपण विकत घेतो. त्यातली खरी शिलाईत किती उतरतात, ती लाइनची, म्हणजे ओळीने बसून एकच नग शिवणाऱ्या कारागिरांची, कार्यक्षमता.

समजा इथे एका कारागिरावर भविष्यनिर्वाह निधी, बोनस वगैरे धरून महिना 18,000 रुपये खर्च होतात आणि लाइन 60 टक्क्यांनी चालते. शर्टमागे शिलाईची मजुरी पडते 52.90 रुपये. बाहेर तोच खर्च 11,500 रुपये धरा. नवी लाइन पहिले काही महिने 35 टक्क्यांवर रखडली, तर शर्ट पडतो 57.90 रुपयांना. म्हणजे पगार एक तृतीयांशाने कमी आणि शर्ट पाच रुपयांनी महाग! लाइन 50 टक्क्यांवर आली की 40.50, आणि 60 वर पोचली की 33.80. या उदाहरणात बरोबरीचा बिंदू 38 टक्क्यांच्या आसपास आहे. स्वतःचे आकडे घालून हा बिंदू आधी काढा आणि समोरच्या कारखान्याला मागच्या सहा महिन्यांची लाइनवार कार्यक्षमता मागा. तोंडी सांगितलेली नको, रोजच्या उत्पादनाचा तक्ता हवा. जो कारखाना तो दाखवायला कां-कूं करतो, त्याची लाइन किती टक्क्यांवर चालत असेल ते समजून घ्या.

कार्यक्षमता का पडते? यंत्रं सगळीकडे तीच असतात, जुकी नाहीतर ब्रदर. फरक पडतो तो माणूस टिकण्याने. हवासामध्ये खेड्यातून आलेल्या मुलींना त्या पगारात खोलीभाडं आणि जेवण भागेना. पहिल्या वर्षात जितके कामगार घेतले जवळपास तितकेच सोडून गेले. कॉलर आणि कफ लावणारा कारागीर तयार व्हायला तीन-चार महिने जातात. तो चौथ्या महिन्यात निघून गेला, तर कंपनी कायम शिकाऊ हातांनीच शर्ट शिवत राहते. म्हणून सगळ्यांत कमी पगाराचं ठिकाण सगळ्यांत स्वस्त असतंच असं नाही. बांगलादेशची खरी ताकदही निव्वळ स्वस्ताईत नाही. तिथे या उद्योगात सुमारे चाळीस लाख माणसं आहेत, लाइन सुपरवायझरपासून बटणाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे एका शहराच्या परिघात सापडतात, आणि दोन लाख नगांची ऑर्डर एकाच छताखाली बसते. इथे तीच ऑर्डर पाच-सहा युनिटांत वाटावी लागते आणि शर्टागणिक कॉलरचा कोन बदलतो.

वाचलेले पैसे कुठे जातात

50 टक्क्यांवर चालणारी लाइन धरली तर शर्टमागे 12 रुपये वाचले. आता वजाबाकी.

40 फुटी उंच कंटेनरमध्ये व्यवहारात 66 घनमीटर माल बसतो. 24 शर्टांचा खोका 60 बाय 40 बाय 30 सेंटीमीटरचा असेल, तर सुमारे 900 खोकी, म्हणजे साधारण 22,000 शर्ट. कापड जाणं आणि शर्ट येणं मिळून भाडं, बंदर आणि एजंटचा खर्च दोन लाख आला, तर शर्टमागे 9 रुपये गेले. कापड आणि ट्रिम्स (बटणं, लेबलं वगैरे) मिळून 290 रुपयांचा माल 45 दिवस जास्त अडकून राहिला, तर 11 टक्के व्याजाने आणखी 4 रुपये. झालं, बारा रुपये संपून एक रुपया अंगावर. अजून दुय्यम माल, विमा आणि तिथे बसवलेल्या क्वालिटीच्या माणसाचा पगार यात धरलेला नाही.

याचा अर्थ हलवू नका असा नाही. नुसत्या मजुरीसाठी हलवू नका, एवढाच.

शुल्क: खरा पैसा इथे आहे

युरोपीय संघात शर्टावर सर्वसाधारण आयात शुल्क 12 टक्के आहे. बांगलादेश अल्पविकसित देश म्हणून शून्य भरतो. 600 रुपये एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतच्या) किमतीच्या शर्टावर हा फरक 72 रुपयांचा. वरच्या बारा रुपयांशेजारी हा आकडा ठेवा, म्हणजे जगातले कपडे ढाक्याभोवती का शिवले जातात ते समजतं.

पण सवलत परक्या सरकारने दिलेली असते आणि काढून घेणंही त्याच्याच हातात असतं. दोन गोष्टी तपासा.

एक, सवलतीची मुदत. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची तारीख 24 नोव्हेंबर 2026 अशी ठरवली गेली; युरोपची शून्य शुल्क सवलत त्यानंतर आणखी तीन वर्षं चालते, पुढे नियम कडक होतात. दहा वर्षांचा कारखाना उभारताना पाच-सात वर्षं सवलतीविना धरून हिशोब लावायला हवा. इथिओपियाचा अनुभव तर याहून कडू आहे. अमेरिकेने आफ्रिकी देशांना दिलेली शुल्कमाफी इथिओपियासाठी 1 जानेवारी 2022 पासून थांबवली, कारण तिथल्या टिग्रे प्रांतातला संघर्ष. सुती शर्टावर अमेरिकेचं मूळ शुल्क 19.7 टक्के आहे, म्हणजे एका दिवसात सगळं गणित फिरलं. हवासाचा मोठा आधार असलेली अमेरिकी कंपनी पीव्हीएच हिने नोव्हेंबर 2021 मध्येच तिथला कारखाना बंद करायचं जाहीर केलं. ठाण्यात सुरू झालेल्या रेमंड समूहानेही हवासामध्ये शिलाईचा कारखाना काढला होता, त्यामुळे हे प्रकरण मराठी वाचकाला फार परकं नाही.

2025 चं उदाहरण ताजं आहे. 2 एप्रिलला अमेरिकेने व्हिएतनामी मालावर 46 टक्के जादा शुल्क जाहीर केलं, ऑगस्टपर्यंत ते 20 वर आलं. बांगलादेशचं 37 वरून 20 वर. भारताचं मात्र ऑगस्ट संपता संपता 50 टक्क्यांवर गेलं. चार-पाच महिन्यांत क्रमवारी उलटीपालटी झाली, आणि एवढ्या वेळात नव्या कारखान्याच्या वायरिंगचं कामही संपत नाही.

उलट दिशेनेही वारं फिरतं. भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. तो लागू झाला की भारतीय कपड्यांवरचं शुल्क शून्य होतं. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक मँचेस्टर-लंडनचं असेल, तर बाहेर जाण्याचं मुख्य कारणच उरत नाही.

कापड कुठलं, हे आधी विचारा

दुसरी तपासणी उगमाच्या नियमाची, आणि सगळ्यांत जास्त कंपन्या इथेच अडखळतात. बांगलादेशला अल्पविकसित म्हणून युरोपकडून मिळणारी सवलत एकाच प्रक्रियेवर मिळते: आयात कापड तिथे शिवलं तरी माल बांगलादेशचा. म्हणजे इचलकरंजीचं किंवा भिवंडीचं कापड नेऊन शिवलं तरी चालतं. व्हिएतनाम-युरोप करार (1 ऑगस्ट 2020 पासून लागू) तसा नाही. तिथे कापडही व्हिएतनाम किंवा युरोपात विणलेलं हवं. दक्षिण कोरियाच्या कापडाला सवलत आहे, आपल्या कापडाला नाही. प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा जो करार व्हिएतनामला लागू आहे, त्यात तर सुतापासून सगळं सदस्य देशांतलं लागतं. स्वतःच्या मागाचं कापड वापरणाऱ्या कंपनीने व्हिएतनाम निवडला, की सवलत कागदावर राहते आणि शुल्क पूर्ण भरावं लागतं.

शर्ट भारतातच विकायचे असतील तर साफ्टाखाली (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार) बांगलादेशी कपडे शुल्काशिवाय येतात. त्यासाठी उगम प्रमाणपत्र पुरत नाही. सवलतीत आलेल्या मालाचा उगम तपासण्याच्या 2020 च्या कॅरोटार नियमांनुसार उगमाची सविस्तर माहिती आयातदाराकडे तयार असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते. कस्टम्सने विचारल्यावर धावपळ करून ती गोळा होत नाही. कटिंगचे तक्ते, कापडाची बिलं, मजुरीचा तपशील प्रत्येक शिपमेंटबरोबरच मागवून ठेवा.

वाटही बघा. 17 मे 2025 पासून बांगलादेशातून येणारे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून घेणं भारताने बंद केलं. फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरं उघडी ठेवली. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सूत जमिनीमार्गे घेणं थांबवलं होतं. पश्चिम बंगालच्या पेट्रापोल नाक्यावरून येणाऱ्या ट्रकवर बेतलेलं वेळापत्रक रातोरात जहाजावर गेलं. कारखान्याशी करार करताना 'मार्ग बदलल्यास जादा भाडं कोणाकडे' ही ओळ हवीच.

दिवसांचा हिशोब

बांगलादेशच्या चट्टोग्राम (चितगाव) बंदरात मोठी जहाजं लागत नाहीत. माल लहान जहाजाने कोलंबो किंवा सिंगापूरला जातो आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतो. तिथली जागा चुकली की आठवडा गेला. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा त्यात आणखी 10 ते 14 दिवस वाढले. इथिओपियाला तर समुद्रच नाही. माल आदिस अबाबा-जिबूती या साडेसातशे किलोमीटरच्या रेल्वेने किंवा ट्रकने बंदरावर न्यावा लागतो.

वेळापत्रकात तिथले सण आधी लिहा. बांगलादेशात दोन ईद: कारखाने आठवडाभर बंद, आधी बोनस द्यावा लागतो आणि तो थकला की रस्ता अडतो. व्हिएतनाममध्ये तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत; सुट्टीनंतर काही कामगार परततच नाहीत, म्हणून मार्चची पहिली ऑर्डर सोप्या नगांची ठेवावी. इथिओपियाचं नवं वर्ष 11 सप्टेंबरला सुरू होतं आणि दिनदर्शिका आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असते, त्यामुळे कागदपत्रांवरच्या तारखा दोनदा वाचाव्या लागतात. अचानक येणारी बंदी वेगळीच. जुलै-ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं आणि ज्यांचे पॅकिंगचे निर्णय मुंबईतून ईमेलवर होत, त्यांचा तयार माल मजल्यावर पडून राहिला. ठरलेल्या मर्यादेत तिथेच सही करू शकेल असा माणूस हवा.

या सगळ्यामुळे काय हलवायचं ते आपोआप ठरतं. पांढरा, आकाशी, बारीक चौकडी, शाळेचा गणवेश, वर्षभर तेच विकणारे नग बाहेर न्या. दिवाळीच्या तोंडावर रंग बदलणारा माल घराजवळच शिवा. आमचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं निदान एक चतुर्थांश क्षमता इथे चालू ठेवावी, आणि तीही चांगल्या कारागिरांची. टाकाऊ लाइन मागे ठेवून काही उपयोग नाही.

इमारत बघा, मग यंत्रं

24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिलाईच्या मजल्यांवर मात्र कामगारांना बोलावलं गेलं. इमारत दुकानं-कचेऱ्यांसाठी बांधलेली, वरचे मजले परवानगीविना चढवलेले, जनरेटर वरच्या मजल्यांवर. त्याआधी नोव्हेंबर 2012 मध्ये ताझरीन कारखान्याच्या आगीत शंभराहून जास्त माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. ज्या परदेशी ब्रँडांची लेबलं ढिगाऱ्यात सापडली, त्यांना 'आम्ही फक्त गिऱ्हाईक' हे उत्तर पुरलं नाही.

म्हणून पाहणीला गेल्यावर जनरेटर आणि बॉयलर कुठे आहेत ते आधी बघा. जमिनीवर, मुख्य इमारतीबाहेर हवेत. मंजूर नकाशातले मजले मोजा आणि बाहेर उभं राहून खरे मजले मोजा. कापडाचे तागे वरच्या मजल्यावर रचलेत का, खांबांजवळ तडे आहेत का ते पाहा. दुपारी अडीच-तीनला न सांगता जिन्याने खाली या: वाटेत खोकी असतील किंवा दाराला कुलूप असेल, तर बाकी तपासणी करायची गरज नाही. 2013 नंतरच्या सुरक्षा करारातल्या कारखान्यांचे दुरुस्ती अहवाल मागा आणि 'अपूर्ण' लिहिलेल्या ओळीच वाचा.

आणखी एक प्रश्न: आमचा माल इथेच शिवला जाणार ना? लाइन भरलेली असली की कारखाना गुपचूप दुसऱ्याला काम देतो. रोजच्या कटिंगचा आकडा आणि लाइनवर चढलेला आकडा जुळत नसेल, तर उरलेले बंडल कुठेतरी बाहेर गेलेत.

कागद आणि पैसे

ठेक्यावर शिवून घ्यायचं असेल तर काम सोपं आहे. कापड आपलं, फक्त कटिंग-शिलाई त्यांची, किंवा सगळंच त्यांचं आणि एफओबी भाव. पहिलं वर्ष ठेक्याचंच असावं. स्वतःचा कारखाना किंवा भागीदारी म्हटलं की फेमाचे (परकीय चलन कायद्याचे) 2022 चे परदेशी गुंतवणूक नियम लागतात: एकूण बांधिलकी शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या निव्वळ संपत्तीच्या 400 टक्क्यांपर्यंत, पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून युनिक क्रमांक, दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल आणि 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेचं परदेशी मालमत्ता-देण्यांचं विवरण. उशीर झाला की शुल्क बसतं आणि पुढचा पैसा पाठवणं अडतं.

चलनाचं दुखणं वेगळं. टाका 2022 च्या सुरुवातीला डॉलरला 86 च्या घरात होता, 2024 संपताना 120 च्या आसपास. मजुरी डॉलरमध्ये स्वस्त झाली खरी, पण त्याच काळात बँकांकडे डॉलर कमी असल्याने बटणं, इंटरलायनिंग (कॉलर-कफ ताठ ठेवणारं आतलं अस्तर), झिपरसाठी एलसी (बँकेचं पैशांचं हमीपत्र) उघडायला उशीर होऊ लागला. भाव डॉलरमध्ये ठरवताना टाका ठरावीक टक्क्यांहून घसरला तर भाव पुन्हा बोलायचा, ही अट घाला. नाहीतर घसरणीचा फायदा एकट्या कारखान्याला.

पहिल्या तीन ऑर्डरी

पहिली ऑर्डर 3,000 नग, एकच साचा, दोन रंग. दुसरी दुप्पट. तिसरीत चौकडी द्या, कारण खिशाची आणि पुढच्या पट्टीची चौकडी जुळवताना कारखान्याचा खरा हात कळतो.

पाठवायचं सामान: सगळ्या मापांचे पॅटर्न, मापतक्ता सूट-मर्यादेसह, सीलबंद नमुने दोन (एक तिथे, एक इथे), प्रत्येक कापडाचा शेड बँड (चालतील त्या रंगछटांचे तुकडे), आणि क्रियांची यादी मिनिटांसह. शिवाय इथला एक लाइन मास्तर निदान चार आठवडे.

कॉलरकडे सगळ्यांत जास्त लक्ष हवं. तक्रार बहुतेक वेळा एकच येते: नवा शर्ट झकास, चौथ्या धुण्यानंतर कॉलरवर फुगे. कारण फ्युजिंग, म्हणजे इंटरलायनिंग तापवून-दाबून कापडाला चिकटवणं. यंत्रावरचा आकडा बरोबर दिसतो, पण यंत्राच्या सरकत्या पट्ट्याच्या कडेला तापमान कमी भरतं, किंवा कापड आणि इंटरलायनिंग वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. म्हणून इंटरलायनिंग बनवणाऱ्याने दिलेलं तापमान, दाब आणि सेकंद लिहून भिंतीला लावा. रोज सकाळी तापमानाची कागदी पट्टी पट्ट्याच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूने सोडा. आणि प्रत्येक लॉटमधल्या तीन कॉलर पाच वेळा धुऊन बघा. स्थानिक स्वस्त इंटरलायनिंगचा आग्रह होईल. त्याला पाच धुण्यांशिवाय होकार देऊ नका.

माल निघण्याआधीची तपासणी एक्यूएल 2.5 ने (मोजके नग उचलून दोष मोजण्याच्या मानक तक्त्याने) करा. 3,000 नगांच्या लॉटमधून 125 शर्ट उचलायचे: मोठे दोष 7 पर्यंत पास, 8 ला नापास. 6,000 च्या लॉटमधून 200 शर्ट, 10 ला पास, 11 ला नापास. शर्ट खोक्यांच्या वेगवेगळ्या थरांतून आणि सगळ्या मापांतून आपल्या माणसाने उचलायचे. पावसाळ्यात पॅक केलेल्या मालाचा ओलावा मोजा. ओलसर खोकी कंटेनरमध्ये तापली की न्हावा शेव्याला बुरशीचा वास येतो. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे वहीत चिकटवलेले हवेत, तुकडा न सापडल्यास ते बंडल मेटल डिटेक्टरमधून.

निघायची वाट आधी आखा

इथली लाइन बंद करणंही फुकट नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात वा बंदीआधी सरकारची परवानगी लागते; भरपाई सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ही रक्कम स्थलांतराच्या खर्चात धरा, नाहीतर पहिल्या वर्षाचा नफा खोटा दिसेल.

तिकडून परत फिरणं आणखी अवघड. परदेशी कंपनीला हे किती जड जातं, ते आपल्या दारातच दिसलं. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. चिनी कंपनी ग्रेट वॉलशी ठरलेला व्यवहार फिसकटला, कामगारांचा वाद कोर्टात गेला, आणि ह्युंदाईशी खरेदीचा करार व्हायला ऑगस्ट 2023 उजाडला. शिलाईचा कारखाना लहान असतो, पण अडचणी त्याच: जमीन भाडेपट्ट्यावर, शुल्कमाफीत आणलेली यंत्रं विकताना शुल्क अंगावर, आणि नफ्याचे पैसे स्थानिक चलनात अडकलेले. तेव्हा करारातच लिहून घ्या: पॅटर्न आणि मार्कर (कापडावर साचे मांडायचे नकाशे) कोणाचे, अर्धवट कापलेल्या कापडाचं काय, नोटीस किती महिन्यांची, कामगारांची देणी कोण भागवणार, आणि वाद कुठल्या शहरातल्या लवादापुढे जाणार. यंत्रं शक्यतो तिथूनच भाड्याने घ्या. पॅटर्नच्या फायलींची ताजी प्रत दर महिन्याला इथल्या सर्व्हरवर उतरवून घ्या; वाद सुरू झाल्यावर त्या कोणी पाठवत नाही.